बघूबंदी

पैज लागली ती एका बटणावरून.

लिफ्टमास्तर शिंप्याच्या पायरीवर बनियनवर बसले होते, कारण शर्ट शिंप्याच्या मांडीवर होता. सुईत दोरा ओवून शिंप्यानं विचारलं, "पांढरं लावू की राखाडी?"

"बघू," मास्तर म्हणाले.

शिंप्यानं सुई खाली ठेवली. "काय बघू? शर्ट माझ्याकडे, बटण माझ्याकडे, उघडे तुम्ही. आता बघणार कोण? रस्त्यावरचे लोक?"

शेजारच्या दुकानातून औषधवाला खो खो हसला. "अहो, या माणसाला मी विचारलं, खोकला ओला की कोरडा? तर म्हणतो, बघू!"

"घाईनं उत्तर दिलं की चुकतं," मास्तर म्हणाले.

"उद्या तुमच्या घरची फौज मिक्सर आणायला निघतेय ना?" शिंपी म्हणाला. "मग लावा पैज. उद्या उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत एकदाही 'बघू' न म्हणता राहून दाखवा."

"ह्यात काय एवढं!"

"हरलात तर वहिनींचा एप्रन घालून, इथं, भर रस्त्यात, परातभर पीठ मळायचं. हातानं."

"आणि जिंकलो तर?"

शिंप्यानं मिशीवरून बोट फिरवलं. ती मिशी दुकानापेक्षा जुनी. लोक पत्ता सांगताना दुकानाचं नाव सांगत नसत, मिशी सांगत. "तर ही उतरवतो."

औषधवाल्याचं हसू जागच्या जागी गोठलं. मिशी! मास्तरांनी झटकन हात पुढे केला.

"मी साक्षीला बरोबर येणार," शिंपी म्हणाला. "तुमच्यावर काडीचा भरवसा नाही."

"ये की. काय व्हायचं ते..." आणि मास्तरांनी पुढचा शब्द गिळला. पैज उद्याची होती. पण सराव नको?

*

'बघू' त्या घरात पिढीजात होतं. मास्तरांचे आजोबा म्हणायचे 'बघतो'. 'बघतो'ला निदान एक मालक असतो. म्हातारा खरोखरच चपला घालून बघून यायचा. मास्तरांच्या वडिलांनी त्याचं 'बघू' केलं. बघणारे अनेक झाले, म्हणजे कुणीच नाही. मास्तरांनी जन्मभर दुसऱ्यांच्या लिफ्ट वरखाली केल्या, घरातला शब्द मात्र जागचा हलवला नाही. आणि त्यांचा मुलगा विमावाला. तो शिकलेला, म्हणून तो म्हणायचा, 'बघूया ना.'

त्या एका शब्दात काय काय गडप झालं होतं! मागच्या खोलीची खिडकी गेली. लेकीचं पोहायला शिकणं गेलं, मग लेक लग्न होऊन गेली. विमावाल्याच्या आईला, म्हणजे मास्तरांच्या बायकोला, एकदा स्वतःची बेकरी काढायची होती, तीही गेली. 'नाही' कुणी म्हटलं नव्हतं. त्या घरात कुणी कुणाला 'नाही' म्हणत नसे. इतकं गोड घर!

बेकरी नाही तर नाही, पण आईनं उभी हयात नर्सांच्या वसतिगृहात पाव भाजले. पीठ हाताला लागलं की तिला कळायचं, आज हवा किती दमट आहे. मग वसतिगृह बंद पडलं. भट्टी विकली गेली. आई घरी आली आणि रिकाम्या हातांनी उशा बडवायला लागली.

आणि एका सकाळी फोन आला. वसतिगृहातली जुनी जोडीदारीण, आता मालवाहू जहाजावर स्वयंपाकी. "आमचा पाव भाजणारा भटारी पळाला गं, आणि पीठ मळायचं यंत्रही मोडलंय. हंगामभर येतेस? यंत्र तुझ्या पसंतीचं आण, टेबलाला ठोकून देऊ."

"येते," आई म्हणाली.

फोन ठेवला आणि ती स्वयंपाकघरात खाली फरशीवरच बसली. कोण बोललं हे? तिनं मागे वळून पाहिलं, न जाणो, कुणी दुसरीच उभी असेल. कुणी नव्हतं. दूध उतू गेलं तरी ती बसूनच होती.

त्याच आठवड्यात विमावाला जेवताना म्हणाला होता, "आई, तुझं मनगट दुखतं. पीठ मळायचा उभा मिक्सर घेऊया का?" आणि आईनं पटकन "घेऊ की" म्हटलं, तेव्हा त्याच्या हातातला चमचा आमटीत पडला. आईनं आपल्यासाठी कसल्याही वस्तूला हो म्हणणं त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं.

जहाज पुढच्या आठवड्यात सुटणार होतं. घरी सांगायचं तर मास्तर 'बघू' म्हणणार, आणि ते 'बघू' ऐकत आपण धक्क्यावरच्या भोंग्यापर्यंत घरात बसून राहणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तिनं ठरवलं, सांगायचं दुकानात. परक्या लोकांसमोर माणसाला जरा नीट बोलावं लागतं.

पण त्या दिवशी सकाळपासून मास्तरांचंच काहीतरी बिनसलं होतं.

"चहा ठेवू?"

"हो."

"छत्री घ्यायची का?"

"नाही."

आईनं त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला. गार होतं. शिंपी दारात उभा राहून उगाचच गालातल्या गालात हसत होता.

*

सूनबाई दातांच्या कवळ्या करायची. केसाच्या जाडीएवढा फरक पडला तर माणसाला जेवता येत नाही, असला धंदा. त्यामुळे तिच्या पर्समध्ये स्टीलची पट्टी कायम. दुकानात शिरल्या शिरल्या तिनं ती बाहेर काढली.

मिक्सर रांगेनं मांडले होते. दुकानातली मुलगी एकात सायीचं क्रीम फेटून दाखवत होती. "हे डोकं मागे कलणारं मॉडेल," तिनं दुसऱ्याचा खटका दाबून डोकं वर केलं. "भांडं काढायला सोपं. आणि ते पलीकडचं, त्यात डोकं जागेवर राहतं, भांडंच दांडीनं वर चढतं."

"याचं डोकं उघडल्यावर उंची किती होते?" सूनबाईनं पट्टी लावली. "आपल्या वरच्या कपाटाला नाही लागत, आई. बसतं."

"वर कपाट नाही," आई म्हणाली.

"नाही कसं? काल तुम्हीच मला ओट्याचं माप घ्यायला लावलंत ना?"

"ते... हो. आहे कपाट. कपाट घे. म्हणजे मिक्सर घे. बसेल."

सूनबाई सासूकडे पाहतच राहिली. ही बाई पिठाच्या चिमटीतही चुकत नाही, आणि आज वाक्यात चुकतेय?

"वॅट किती?" मास्तरांनी विचारलं. त्यांना कुठल्याही वस्तूचा आधी वॅट लागायचा.

"मोठं भांडं घेऊया," विमावाला म्हणाला. "घेतोच आहोत तर."

"मोठ्यात थोडं पीठ घातलं ना, की हुक वरच्यावर फिरतो, गोळ्याला शिवतसुद्धा नाही," मुलगी म्हणाली. "रोज किती जणांचं मळता?"

"चौघांचं," विमावाला म्हणाला.

"विसांचं," आई म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले.

"तुम्ही खाता तेवढं," आई म्हणाली आणि घाईनं डोकं कलणाऱ्या मॉडेलपाशी गेली. "काय गं मुली, हे चालू असताना ओटा असा एका अंगाला कलला, तर डोकं आपोआप उघडेल का?"

"ओटा कसा कलेल, काकू?"

"समज ना."

"खालून रबराचे पाय आहेत. सरकत नाही."

"ते सरकणार नाही गं. पण जमीनच सरकली तर?"

मास्तरांच्या हातातलं माहितीपत्रक गळून पडलं.

त्यांच्या आईचंही असंच सुरू झालं होतं. आधी म्हणायची, जमीन हलते रे. मग भिंत धरून चालायला लागली. मग भिंतीनंही तिला धरलं नाही. म्हणजे ही इतके दिवस लपवत होती? म्हणून मिक्सरला हो म्हणाली, हातात जोर उरला नाही म्हणून? त्यांनी कोपऱ्यातली खुर्ची ओढत आणली. "बस. आधी बस तू."

"मला काय धाड भरलीय?"

"जमीन हलते ना तुला? कधीपासून?"

"अजून नाही हलत," आई म्हणाली. मग तिनं पदर सारखा केला आणि सरळ मास्तरांच्या डोळ्यांत पाहिलं. "पुढच्या आठवड्यापासून हलेल. मी जहाजावर चाललेय. भटारी म्हणून. हंगामभर."

विमावाल्याच्या हातातून स्टीलचं भांडं सुटलं. ते फरशीवर पडून गोल गोल घुमत राहिलं, आणि ते थांबेपर्यंत कुणी हललं नाही. शिंप्याचा हात मिशीवर होता, तो तिथंच राहिला. दुकानातल्या मुलीनं तर तोंडावर हात ठेवला, आणि ती या घरची कुणीच नव्हती. दुकानभर फक्त तो एक चालू मिक्सर फिरत होता. त्याचा आवाज हळूहळू बदलला, आधी सर्र, मग थप थप.

"बंद कर गं तो," आई वळून न पाहता म्हणाली. "लोणी झालं."

मुलीनं वाकून पाहिलं. खरंच, क्रीमचं लोणी होऊन ताक खाली साचलं होतं.

"तू आजारी नाहीस?" मास्तरांनी विचारलं. त्यांचा आवाज त्यांनाच ओळखू आला नाही.

"नाही."

"चक्कर वगैरे?"

"अहो, नाही म्हटलं ना."

"आई, थट्टा करतेस ना?" विमावाला म्हणाला. "जहाज? या वयात? तुला माहितीय, या वयाच्या माणसाला समुद्रावर विमासुद्धा मिळत नाही!"

"मग नका काढू."

"अगं पण आम्हाला विचारायचं तरी!"

"विचारलं असतं तर काय म्हणाला असतात?"

विमावाल्याचं तोंड 'बघूया ना'च्या आकारात उघडलं आणि तसंच मिटलं. त्यानं बायकोकडे पाहिलं. "तू तरी सांग काहीतरी."

सूनबाई पट्टीकडे पाहत होती. "म्हणजे मी चुकीच्या घराचं माप घेऊन हिंडतेय," ती हळूच म्हणाली. "आई, मला तरी सांगायचं होतं."

"तुला सांगितलं असतं तर तुला नवऱ्याशी खोटं बोलावं लागलं असतं. ते ओझं मी कशाला टाकू?"

सूनबाईनं क्षणभर ओठ चावला. मग पट्टी सरसावली. "जहाजातल्या टेबलाची उंची किती?"

"अगं, तू कुणाच्या बाजूनं आहेस?" विमावाला ओरडला.

"मापाच्या."

"बाबा!" आता शेवटचा आधार तोच होता. "बाबा, तुम्ही बोला. तुमचं ते नेहमीचं म्हणा आणि चला घरी."

सगळे मास्तरांकडे वळले.

शिंप्याला समोरून सगळं स्पष्ट दिसत होतं. मास्तरांचे ओठ एकमेकांना चिकटले. 'ब' म्हणायला ओठ मिटावेच लागतात. आला, आला! मिशी वाचली! शिंपी पंजांवर उभा राहिला. आणि तेवढ्यात त्याची नजर वहिनींवर गेली. वहिनी खालमानेनं पर्सची चेन लावत होत्या. शब्द अजून बाहेर पडला नव्हता, पण त्यांनी तो ऐकला होता. सवयीनं ऐकला होता. घरी जायला त्या वळल्यासुद्धा.

शिंप्याला काय झालं कुणास ठाऊक. त्यानं एक उडी मारली आणि मास्तरांच्या तोंडावर पंजा दाबला.

"बोलू नका! मास्तर, माझ्या गळ्याची शपथ, बोलू नका!"

"काका! सोडा त्यांना! काय चाललंय काय?"

"पैज आहे आमची!" शिंपी धापा टाकत म्हणाला. "आज दिवसभर 'बघू' म्हणायचं नाही. म्हटलं की हे हरले. पण मला नकोय ते जिंकणं. मिशी गेली चुलीत!"

आई थांबली. सकाळपासूनचे सगळे हो आणि नाही तिच्या डोळ्यांपुढून सरकले. चहाचा हो. छत्रीचा नाही. तिला वाटलं होतं, देवानं इतक्या वर्षांनी ह्यांच्या जिभेचं कुलूप उघडलं.

"म्हणजे मिशीसाठी," ती म्हणाली. "मिशीसाठी सरळ बोलता आलं तुम्हाला."

शिंप्याचा हात आपोआप खाली आला.

"तर मग 'नाही' म्हणा," आई म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, उलट उतरला, आणि त्यामुळे विमावाला एक पाऊल मागे सरकला. "तेही चालेल मला. पण स्पष्ट म्हणा. बेकरीला म्हटलं असतंत तर मी तेव्हाच भांडले असते, रडले असते, आणि काढली असती नाहीतर सोडली असती. तुम्ही मला भांडायलासुद्धा जागा ठेवली नाहीत."

मास्तर 'ना' म्हणायला जीभ टाळ्याला लावायला गेले. लागेना. जहाज डोळ्यांपुढे आलं, काळं, अजस्र, आणि त्यात ही एवढीशी. रिकामं स्वयंपाकघर आलं. 'हो' म्हणायला तोंड उघडलं तर त्यातून नुसती हवा गेली. सबंध आयुष्यात त्यांनी एकाच शब्दाच्या आडोशाला संसार केला होता, आणि आज तो आडोसा काढून घेतल्यावर मागे किती वारा आहे, हे त्यांना पहिल्यांदाच कळत होतं.

मग ते चालत गेले. बायकोकडे नाही, मिक्सरकडे. डोकं कलणारं मॉडेल त्यांनी दोन्ही हातांनी उचललं आणि दुकानातल्या मालाच्या चाकगाडीवर ठेवलं.

"काका, ते डेमोचं आहे!" मुलगी किंचाळली.

"पीठ आहे ना दाखवायला? घाल त्यात. घट्ट गोळा घाल."

"पण काका..."

"मला बघू दे."

मुलीनं घाबरून गोळा घातला. वायर लावली. मास्तरांनी बटण फिरवलं, आणि गाडीचा दांडा धरून ती हलवायला सुरुवात केली. आधी सावकाश, मग अंगात आल्यासारखी, पुढे, मागे, आडवी. यंत्र गुरगुरलं. हुक घट्ट गोळ्यात रुतला, डोकं एकदा उडालं, दोनदा उडालं, तिसऱ्यांदा खटका निसटला आणि डोकं फाडकन वर गेलं. कणकेचा एक लोळ हवेतून सुसाटत गेला आणि सरळ शिंप्याच्या मिशीवर बसला.

कुणी हसलं नाही. हसायचं सुचायला आधी शुद्धीवर यावं लागतं.

"हे उघडणार," मास्तर म्हणाले. "लाटेवर नाही चालायचं. ते दुसरं आण."

भांडं वर चढणारं मॉडेल गाडीवर आलं. मास्तर पुन्हा हलवत सुटले. भांडं दोन्ही बाजूंच्या खुंट्यांत घट्ट बसलेलं, तसूभर हललं नाही. त्यांनी यंत्राच्या कुशीला कान लावला, जसा आयुष्यभर लिफ्टच्या मोटारीला लावला होता. "आतल्या चाकांचे दाते धातूचे आहेत. कुरकुरत नाहीत. हेच घे." मग थोडं थांबून, "पण खालून पोलादी पट्टी मारायला लागेल. ती मी मारून देतो. जहाजवाल्यांच्या हातचं काम नको."

आई खुर्चीत बसली. मघाशी मास्तरांनी तिच्या आजारपणासाठी आणलेली ती खुर्ची, आता खरंच लागली.

"बाबा, तुम्ही हिला पाठवताय?" विमावाल्याला अजून पटत नव्हतं.

"मी कोण पाठवणारा? ती चाललीय. मी पट्टी मारतोय."

सूनबाई त्या पोलादी पट्टीसाठी माप घ्यायला आधीच गुडघ्यांवर बसली होती. विमावाल्यानं तिच्याकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं, आणि खाली पडलेलं भांडं उचलून, पोचा आलाय का ते बघत, दुकानातल्या मुलीची माफी मागितली.

"एक मिनिट," शिंपी मिशीतली कणीक उकरत म्हणाला. "मास्तर, तुम्ही मघाशी म्हणालात, 'बघू दे'."

"मग?"

"त्यात 'बघू' आलं."

"अरे, 'बघू दे' वेगळं, 'बघू' वेगळं! आणि आत्ता तर म्हणालास, मिशी गेली चुलीत!"

"ते भावनेच्या भरात. आता मी भानावर आहे."

"काका, 'बघू दे' म्हणजे खरंच बघायचं असतं," सूनबाई खालून म्हणाली.

मास्तरांनी मान वळवून आईकडे पाहिलं. ती त्यांच्याकडेच पाहत होती, जणू हा माणूस कुणीतरी आत्ताच दुकानात आणून ठेवला होता.

"जाऊ दे," ते म्हणाले. "हरलो."

*

जहाज सुटायच्या दिवशी सकाळी सगळी गल्ली शिंप्याच्या दुकानापुढे जमली. स्टुलावर परात, परातीत पिठाचा डोंगर, आणि मागे आईचा फुलाफुलांचा एप्रन घातलेले लिफ्टमास्तर. एप्रनच्या नाड्या मागे पुरत नव्हत्या, म्हणून शिंप्यानं तिथल्या तिथं दोन पट्ट्या जोडून दिल्या.

"पाणी घाला हो, पाणी!" औषधवाला ओरडला.

मास्तरांनी तांब्या उपडा केला. गल्लीतल्या बायकांनी एकदम श्वास आत ओढला. डोंगराचा चिखल झाला. मास्तरांनी दोन्ही हात कोपरांपर्यंत खुपसले.

"काका, हे मळणं आहे की पाय घसरून पडणं?"

"अहो, मुठीनं नाही, तळव्यानं!"

"कोरडं पीठ भुरभुरवा वरून!"

तेवढ्यात टेम्पो आला. मागे दोरांनी आवळलेला मिक्सर, त्याच्या बुडाला चकचकीत पोलादी पट्टी, आणि शेजारी विमावाला, दोन्ही हातांनी यंत्राला मिठी मारून बसलेला. पुढच्या सीटवरून आई उतरली. गर्दी बाजूला झाली. नवऱ्याला भर रस्त्यात, आपल्या एप्रनमध्ये, कोपरभर चिखलात बघून तिचा हात छातीवर गेला.

तिनं परातीत एक बोट बुडवलं. दोन बोटांत चोळून पाहिलं.

"हे खाणार कोण?"

"मी," मास्तर म्हणाले. "आणि मुलगा-सून. शिकेन हळूहळू. यंत्र तर तू घेऊन चाललीस."

"पाणी आधी नाही घालायचं सगळं."

"आता कळलं."

"मीठ?"

मास्तरांचा चेहरा पडला. गल्ली हसली. आईनं औषधवाल्याच्या बायकोच्या हातातली मिठाची पुडी घेतली आणि आपल्या हातानं वरून सोडली. मग टेम्पोचा भोंगा वाजला.

"येते मी," ती म्हणाली.

"ये," मास्तर म्हणाले.

गल्लीला त्यात काहीच वाटलं नाही. शिंप्याला मात्र वाटलं. इतकं ताबडतोब दिलेलं उत्तर त्यानं या माणसाच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं, आणि तो मिशी पुसायचं निमित्त करून डोळे पुसायला लागला.

टेम्पो निघाला. आईनं खिडकीतून हात बाहेर काढून हलवला. मास्तरांनीही तिला निरोप द्यायला दोन्ही हात जोरात वर केले, आणि सगळी परात हातांना चिकटून त्यांच्या डोक्यावर गेली.